चाळिसावी उडी

भवानी पेठेतल्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत दिवसभर सोल्डरिंगचा धूर असतो आणि धनलक्ष्मी अक्कांचा आवाज. यंत्रमागाचं इलेक्ट्रॉनिक बोर्ड बिघडलं की कारखानदार ते वर्तमानपत्रात गुंडाळून इथं पाठवतात. बोर्डाचा नकाशा सोबत कधीच येत नाही. तो अक्का स्वतः काढतात. बोर्ड उजेडाला धरायचं, मीटरची टोकं लावत एकेक तार कुठून कुठं गेली ते शोधायचं आणि ग्राफच्या कागदावर उतरवायचं. असे चौतीस नकाशे त्यांच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. बारा वर्षांचं काम.

होटगीहून रोज अक्कांच्या हाताखाली कामाला येणाऱ्या सुकन्यानं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "अक्का, हे शिकलात कुठं?" तिचा स्वतःचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला. तिला वाटलं, एखाद्या आयटीआयचं नाव येईल.

"चादरीत," अक्का म्हणाल्या.

ते खरंच होतं. सोळाव्या वर्षापासून त्या चादरीच्या नक्षीचे ग्राफ भरायच्या. प्रत्येक चौकोनात उभा धागा वर की आडवा, ते रंगवून सांगायचं. एक चौकोन चुकला की मोराची मान तुटलीच. पुढं कारखान्यात कॉम्प्युटर आला, ग्राफ गेला, आणि अक्का शेजारच्या रेडिओवाल्याकडं बसून सोल्डरिंग शिकल्या. पण नजर ग्राफचीच राहिली. दोन तारा नुसत्या एकमेकींना ओलांडून जात असतील, तर अक्कांच्या नकाशात एक तार दुसरीवरून छोटीशी कमान करून उडी मारते. आणि कागदाच्या उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं एक आकडा असतो. तो पानाचा नंबर असावा, असं सुकन्यानं धरून ठेवलं होतं. चौतीस पानांत चाळीस नंबर कसा, याचंही उत्तर तिच्याकडं होतं. काही पानं हरवली असतील.

गेल्या वर्षी अक्कांचा हात थरथरू लागला. कोपर टेकून सोल्डरिंग जमायचं, पण रेघ सरळ येईना. नकाशे त्या पेटीतच राहिले तर अक्कांच्या मागं कुणाच्या उपयोगाचे नव्हते. म्हणून सुकन्यानं ते कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं. सर्किट काढायचं एक सॉफ्टवेअर होतं, फुकट मिळणारं, आणि ज्याला येतं त्याला आतून उघडून सुधारताही येणारं. तिनं टॉवेलच्या मागाचा नकाशा घेतला, रेघ न् रेघ उतरवली, फक्त कमानींची सोय सॉफ्टवेअरमध्ये नव्हती, आणि तो छापून अक्कलकोट रोडच्या कारखान्यातल्या अमरेश मेकॅनिकला दिला.

तिसऱ्या दिवशी अमरेश जळकं बोर्ड घेऊन दारात. दोन तारा जिथं ओलांडत होत्या, नेमका तिथंच कागदावर तेलाचा थेंब पडला होता. सॉफ्टवेअर जोड दाखवायला ठिपका देतं. अमरेशनं थेंबाला ठिपका समजून तारा जोडल्या होत्या.

"कागदावरच ठिपका होता की, अक्का!"

अक्कांनी कागद बघितला आणि सुकन्याकडं वळल्या. "कापडावर डाग पडला तर डाग दिसतो. तुज्या कागदावर डाग पडला तर जोड दिसतो. वरनं कुटली तार गेली, खालनं कुटली, तुजा कॉम्प्युटर सांगतच न्हाय."

"अक्का, जगभर अशीच काढतात."

"मग जगाला एकदा चादर विणाय लाव."

आणि त्यांनी पेटीला कुलूप घातलं. तारा उडी मारेपर्यंत एक कागद बाहेर निघणार नव्हता.

सुकन्यानं हार मानली नाही. सॉफ्टवेअर करणाऱ्यांना सुचवावं म्हणून तिनं त्यांची साइट उघडली, तर हीच मागणी कुणी आधीच करून ठेवलेली, आणि पुढच्या आवृत्तीत कमानी येणार होत्या.

"तिकडंबी विणकर हायत काय?" अक्कांनी विचारलं.

"इंजिनिअर आहेत."

"मग त्यास्नी कसं सुचलं म्हणते मी?"

नवी आवृत्ती आली त्या सकाळी सुकन्यानं अक्कांना कॉम्प्युटरजवळ बोलावलं. एकाच नकाशातून टॉवेलच्या मागाचं आणि चादरीच्या मागाचं अशी दोन बोर्डं कशी ठेवता येतात, ते तिनं दाखवलं. भोवती रेघ फिरवून हवे तेवढे भाग कसे उचलायचे, तेही दाखवलं. अक्का चहा पीत "बरं हाय, बरं हाय" म्हणत होत्या. मग सुकन्यानं एका पर्यायापुढं खूण केली आणि पडद्यावर जिथं जिथं तारा ओलांडत होत्या तिथं छोट्या छोट्या कमानी उभ्या राहिल्या.

अक्कांनी कप खाली ठेवला. खुर्ची ओढून पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ बसल्या, आणि थरथरतं बोट एकेका कमानीवर ठेवत तेलुगूत मोजू लागल्या. "ओकटी, रेंडु, मूडु..."

"एकोणचाळीस," शेवटी त्या म्हणाल्या. "एक कमी हाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

अक्कांनी पेटी उघडली, मूळ कागद काढला आणि कोपऱ्यातल्या लाल चाळीसवर बोट ठेवलं.

"हा पानाचा नंबर नाही?"

"माज्या कागदाला नंबर कशाला? तोंड बघून वळकते की मी. ह्या उड्या हायत. ग्राफला ओळीच्या शेवटी आकडा टाकायचो आमी. ग्राफवरनं मागाच्या पुठ्ठ्याला भोकं पाडायचा पंचवाला, आन ती मोजायचा. जुळलं न्हाय की ग्राफ परत."

मग दोघी शोधत बसल्या. डावीकडं, जिथं चोवीस व्होल्टची तार सेन्सरच्या पाच व्होल्टच्या तारेला ओलांडत होती, तिथं कमान नव्हती, ठिपका होता. सुकन्यानंच टाकलेला. सॉफ्टवेअरच्या तपासणीला त्यात काही गैर वाटलं नव्हतं, आणि अमरेश तिथवर पोचायच्या आधीच त्याचं बोर्ड जळालं होतं. नाहीतर त्या कागदावर काम करणाऱ्या प्रत्येकाचा सेन्सर गेला असता. ती त्या ठिपक्याकडं बघत बसली.

"काय बघालीस? खोड की," अक्का म्हणाल्या.

तिनं ठिपका खोडला. कमान आपोआप उभी राहिली. अक्कांनी पहिल्यापासून पुन्हा मोजलं. चाळीस.

खाली नावाच्या चौकटीत सुकन्यानं 'नकाशा: धनलक्ष्मी' असं लिहिलं. अक्का वाचत राहिल्या. त्यांचं नाव छापलेलं तिनं आजवर फक्त लाइट बिलावर पाहिलं होतं.

"आन आकडा?" अक्का म्हणाल्या.

तिनं खाली लिहिलं, 'उड्या: ४०'.

"आता पाठीव अमरेशला. आन ह्यातला दुसरा काढ." अक्कांनी पेटी तिच्याकडं सरकवली. कुलूप टेबलावरच पडलं होतं. "झाला की आकडा तू आदी सांगायचास. मग मी मोजीन."