तारेचाच फरक

बत्तीस वर्षं तो एकाच दुकानात वायरी कापत आला. दुकान स्पीकर आणि अँप्लिफायरचं. गोड बोलून विकायला पुढे सेल्समन, घरी जाऊन जोडून द्यायला हा. सगळे त्याला मीटर म्हणत, कारण स्पीकरला कुठली केबल घेऊ असं कुणीही विचारलं की याचं उत्तर ठरलेलं. साधी दोन पदरी तांब्याची वायर मीटरवर घ्या, फार बारीक घेऊ नका, टोकं घट्ट आवळा आणि उरलेल्या पैशांत बायकोला फिरवून आणा. लोक हसत, घेऊन जात आणि ती वायर दहा-दहा वर्षं बिनतक्रार वाजायची. घरात त्याला कुणी विचारत नसे, पण केबलीच्या बाबतीत मीटरचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मग थोरले मालक गेले आणि मुलगा गल्ल्यावर बसला. त्याने मखमली डब्यांतल्या, बोटाएवढ्या जाड केबली आणल्या. एका जोडीच्या किमतीत अख्खा स्पीकर यावा. मीटर असाच खरं बोलत राहिला तर त्या डब्यांवर धूळच बसणार, हे न कळण्याइतका पोरगा खुळा नव्हता. त्याने मीटरला आत बोलावलं, चहा पाजला, काका म्हणाला. एक स्विच बनवा म्हणाला, एका बाजूला साधी वायर, दुसऱ्या बाजूला आपली भारीतली, गिऱ्हाइकाने कळ फिरवून आपल्या कानांनी ऐकावं. फक्त साध्या वायरीच्या वाटेत एक चिमुकला रेझिस्टर टाका, आवाज जरासा उतरेल एवढाच.

जे जरा मोठं वाजतं तेच माणसाला गोड लागतं, हे त्या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. मीटरला सगळं समजलं. पण वय छप्पन्न. ही नोकरी गेली तर कोण दारात उभं करणार होतं? त्याने मूग गिळले आणि रेझिस्टर सोल्डर करून टाकला. डबे धडाधड खपायला लागले.

आणि एक दिवस ताई आली. न सांगता, एकटी. आई गेल्यावर मीटरला हिनेच वाढवलेलं. शाळेत गाणं शिकवायची, निवृत्त झाल्यावर सात-आठ मुली घरी शिकायला येत. मुलींचा अख्खा वर्ग गात असला तरी कुणाचा सूर उतरला ते ही पाठमोरी सांगायची. स्वतःसाठी म्हणून तिने आयुष्यात एकच चैन केली होती, स्टिरिओ. स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्यायचे होते आणि वायर पुरत नव्हती.

सेल्समनने तिला खुर्चीत बसवलं. तिने कळ तीनदा फिरवली, डोळे मिटून ऐकलं आणि भावाला हाक मारली.

"अरे, ही महागाची गोड नाही वाजत, नुसती मोठी वाजतेय. साधीचा आवाज कुणीतरी बारीक केलाय."

आणखी दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनी माना वळवल्या. मालकाने हातातलं पेन खाली ठेवलं.

"नाही ताई, तारेचाच फरक आहे," तो म्हणाला. "तुला आता जाणवत नसेल."

ते शेवटचं वाक्य मालकाने शिकवलेलं नव्हतं. ती त्या भित्र्या जिभेची स्वतःची कमाई. ताईने कळेवरचा हात काढला. तू म्हणतोस म्हणजे असेल, असं पुटपुटली आणि भारीतली केबल घेऊन गेली.

तीन महिन्यांनी बायकोकडून कळलं की ताईने शिकवणी बंद केली. मीटर तसाच उठून गेला. खोलीतल्या सतरंज्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केल्या होत्या. ताईने सांगितलं ते एवढंच: एका मुलीचा सूर चुकतोय असं ती म्हणाली, तर मुलीची आई म्हणाली, तो बरोबर आहे, तुम्हालाच नीट ऐकू येत नसेल. पूर्वीची ताई असती तर त्या बाईला दार दाखवलं असतं. या वेळी तिला वाटलं, बाई खरं बोलतेय. भाऊही तेच म्हणाला होता.

मग मीटरने सगळं ओकून टाकलं. रेझिस्टर, मालक, स्वतःची भीती. तुझे कान शंभर टक्के बरोबर होते, म्हणाला. बोलताना रडला. ताईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"माझं मन राखायला किती खोटं बोलशील," ती म्हणाली. "धंद्यात तू कधी खोटं बोलला नाहीस, मला ठाऊक आहे."

त्याने शपथ घेतली. तिने ती हसण्यावारी नेली.

"उद्या साधी वायर आणतो," तो म्हणाला. "तुझ्यासमोर जोडतो. तूच ऐक आणि सांग."

"मी ऐकून काय उपयोग?" ताई म्हणाली.