अंगणातली दुसरी चूल

दर साली कापूस वेचून झाला की आदिलाबादहून एक मुलगी मोजणीला आमच्या गावात येते. कोणाच्या घरात वर्षाला किती येतं, ते विचारत फिरते. ती तेलुगू बोलणारी, पण आमच्या गावांतून हिंडून मराठी शिकली. मला मावशी म्हणते. मी चौथी शिकलेली, चार बायांत बसले तरी मागंच बसते. पण ती मलाच विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. कापूस किती झाला, मजुरी किती दिवस मिळाली, पेन्शन येते का. बाकी वर्षभर मला इतकं कोणी विचारत नाही.

पहिल्यांदा आली तेव्हा मुलगा, सून आणि लहानगी नात घरी होते. ती म्हणाली, "मावशी, चुली किती?"

मी म्हटलं, "दोन." एक आत गॅसची, एक अंगणात आंघोळीच्या पाण्याची. तिनं लिहून घेतलं. मग मुलाचं वेगळं विचारलं, माझं वेगळं विचारलं, मी सांगत गेले. त्यांच्या हिशेबात एक चूल म्हणजे एक घर, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडेही चूल वेगळी झाली म्हणजे घर वेगळं झालं असंच म्हणतात. पण आम्ही सगळे एकाच भाकरीच्या टोपल्यातून जेवत होतो, तो अर्थ माझ्या डोक्यात आलाच नाही.

त्याच उन्हाळ्यात मुलगा-सून नातीला घेऊन हैदराबादला इमारतीच्या राखणीला गेले.

पुढच्या साली मुलीनं विचारलं, "दुसऱ्या चुलीचे लोक?" तेव्हा मला माझी चूक कळली.

"कामाला गेले हायेत. येतील," मी म्हटलं. मला तसंच वाटत होतं. तिनंही घर तसंच ठेवलं.

त्या दिवशी मी धीर करून विचारलं, हे सगळं करतेस काऊन? सगळ्यांचे पैसे एकत्र करून घराघराला वाटले की झालं. ती हसली. "मावशी, तुमच्या गावात दोन ट्रॅक्टरवाला एक हाय ना? त्याचा पैसा सगळ्यांत वाटला तर कागदावर तुमीबी श्रीमंत. म्हणून आमी घरं रांगेत उभी करतो. सगळ्यांत कमीवालं पहिलं, जास्तवालं शेवटी. मधात जे घर येते, त्याचं बघतो. दर साली ते मधलं घर वर गेलं का खाली, तेवढंच."

"माझं कुठं हाय?"

"कोणाचं कुठं ते सांगता येत नाही. पण तुमचं आन् पोराचं जवळजवळच आहे."

ते ऐकून मला बरं वाटलं. भांडी घासताना मी ती रांग डोळ्यांपुढं आणत असे. माझ्या शेजारी मुलगा उभा आहे, मध्ये फार तर एखादं घर.

यंदा ती आली तेव्हा भिंतीपलीकडं धाकटी जाऊ तुरी पाखडत होती. मुलीनं दुसऱ्या चुलीचं विचारलं आणि मी बोलायच्या आधीच जाऊ म्हणाली, "कोणाची चूल वं? त्या चुलीवर तर मांजर झोपून राह्यली!"

मांजर खरंच राखेत झोपली होती. एकटीला पाणी लागतं किती, मी ते आत गॅसवरच तापवते.

मुलगी हळू आवाजात म्हणाली, "मावशी, सहा महिन्यांच्या वर बाहेर असले तर गावात धरत नाहीत. ते येणार आहेत का?"

मागच्या सणाला मुलगा फोनवर म्हणाला होता, लेकीचं नाव तिकडच्याच शाळेत घातलं. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

"नाव ठेवलं तर काय होते?" मी विचारलं.

"रिकामं घर रांगेत उभं राहते. मधली जागा सरकते, मग गावाचं खरं कळत नाही."

माझी एवढीच इच्छा होती, की गावाच्या मोजणीत तरी तो असावा. पण तो नव्हता. जाऊचं सूप थांबलं होतं. तीही ऐकत होती.

"काढ," मी म्हटलं. "चूल एकच हाय."

तिनं खोडलं. मी विचारलं, "आता माझ्या शेजारी कोण?"

"कोणीतरी येतेच मावशी. रांगेत जागा मोकळी राहत नाही."

मग मी मांजरीला उठवलं आणि कित्येक दिवसांनी अंगणातली चूल पेटवून चहा ठेवला. मुलगी म्हणाली, "मावशी, हा कोणत्या घरचा चहा?" जाऊ पलीकडून हसली. मीही हसले.

बस आली तशी ती गेली. पातेल्यात दोन कप चहा उरला होता. सवयीनं मी मुलाचं आणि सुनेचंही पाणी टाकलं होतं.