विंगेत मिटलेली वही

"बौद्धवाड्यातलं नाव आमच्या देवाफुडं लावू व्हय रं?" असं म्हणत आप्पांनी वही माझ्या तोंडावर फेकून मारली. जाड पुठ्ठ्याची वही. ओठ फुटला. रक्त पहिल्या अंकावर सांडलं.

आप्पा जत्रा कमिटीचे अध्यक्ष. फ्लेक्सवर लेखक म्हणून त्यांच्या पोराचं नाव, विक्रमदादाचं. त्याला साधा अर्ज लिहिता येत नाही. नाटक माझं होतं. कुरकुंभच्या कंपनीतली शिफ्ट संपवून, बसमध्ये मांडीवर वही ठेवून लिहिलेलं. भीमगीतं, गॅदरिंगची नाटुकली, वग, आप्पांच्याच निवडणुकीचं पथनाट्य. शिरूर-दौंडकडं ज्यानं जे मागितलं ते लिहून दिलं. नाव दुसऱ्याचंच लागायचं. मी दात काढून "असू द्या आप्पा" म्हणायचो. त्या हसण्याची मला आजही किळस येते. या जत्रेला पहिल्यांदाच म्हणालो, माझं नाव लावा.

त्या दिवशीही ओठ पुसून विंगेत बसलो. प्रॉम्प्टर म्हणून. गावच्या नाटकात पाठांतर कुणी करत नाही. विंगेतून वाक्य सुटतं, नट तेच ओरडतो. वही एकच होती, ती माझ्या हातात. मला मारताना हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

माईकवर पुकारा झाला, "लेखक आन् नायक, आपले विक्रमदादा!" टाळ्या कडाडल्या. खुर्च्यांमागं जमिनीवर माझी आई बसली होती. आज नाव घेतील, असं मीच तिला सांगितलं होतं. तिचे हात मांडीवरच राहिले.

पहिला प्रवेश रंगात आला आणि मी वही मिटली.

दादा अडखळला. "फुडं काय? ए, फुडं काय?" माईकमधून सगळ्या गावानं ऐकलं. लोक खिदळले. मी स्टेजवर गेलो, माईक हिसकावला.

"फुडचं मला म्हाईत हाय. हे मी लिव्हलंय." आणि माझं नाव घेतलं. बापाच्या नावासकट.

पडद्याच्या बांबूनं आप्पांच्या माणसांनी माझ्या उजव्या हाताची बोटं चेचली. आप्पा वाकून म्हणाले, "आता लिव्ह."

लिहितोय. डाव्या हातानं. अक्षर वाकडं येतं, येऊ दे. पोलिसात दिलेली केस मागं घे म्हणून आप्पांचे तिघे येऊन गेले, त्यांना दारातूनच परतवून लावलं. नाटकं आता मीच बसवतो, विंगेत वही नसते, माझ्या नटांना सगळं पाठ करावं लागतं. कुठल्याही नाटकातलं पहिलं वाक्य माझं नाव असतं. हा हात तोडला तर तोंडानं सांगेन, दुसरा कुणी लिहील.

नवं नाटक जत्रेचंच आहे. गावाचं नाव बदललंय. आप्पांचं बदललेलं नाही.