थोरकिलचा उजवा हात

आमच्या मोर्स बेटावर थोरकिलच्या डुकरांना भेटायचं म्हणजे आधी आंघोळ करावी लागे. आपले कपडे खुंटीला टांगायचे, फवाऱ्याखाली उभं राहायचं, मग त्याने दिलेला निळा डगला आणि गमबूट चढवायचे. बँकेचा साहेब असो की चर्चच्या पाद्रीणबाई, सूट कुणालाच नव्हती.

"थोरकिल, देवाच्या दारातही एवढी तपासणी नसते," पाद्रीणबाई एकदा ओले केस पुसत म्हणाल्या.

"देवाला सातशे पिल्लं सांभाळायची नाहीत," तो म्हणाला.

इतकं सोवळं पाळूनही पिल्लं आजारी पडतच. आईपासून तोडली की आठवड्याभरात त्यातल्या दोनचारांना हगवण लागे. मग पशुवैद्याच्या चिठ्ठीवर थोरकिल साऱ्या सातशेंच्या पाण्यात अँटिबायोटिक सोडून मोकळा होई. सरकार यावर निर्बंध आणणार अशी बातमी आली की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाई. आणि त्याची थोरली बहीण एल्सबेत, जिने चाळीस वर्षं इस्पितळात नर्सचं काम केलेलं, ती म्हणे निर्बंध हवेतच, तेही कालच यायला हवे होते. दर रविवारी तिच्याकडे कॉफीला दोघांची जुंपायची.

"शाळेत एका पोरीच्या डोक्यात उवा निघाल्या, तर सगळ्या वर्गाच्या डोक्यात कंगवा फिरवतात की नाही?" थोरकिल विचारी.

"उवा कंगव्याला सरावत नाहीत रे. जंतू औषधाला सरावतात. उद्या माणसाला द्यायला उरेल काय?"

"म्हणजे माझ्या डुकरांमुळे माणसं मरतात, असंच म्हण की."

"तसं म्हटलं तर तू केक न खाता उठशील, म्हणून म्हणत नाही."

वीस वर्षं हेच. पालथ्या घड्यावर पाणी, आणि घडे दोन्हीही पालथेच.

गेल्या हिवाळ्यात थोरकिलचा खुबा बदलायचं ठरलं. हा डुकरं पाळतो म्हटल्यावर इस्पितळात आधी त्याच्या नाकात काडी फिरवली आणि मग त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं. नाकात डुकरांकडचा जंतू सापडला, नेहमीच्या औषधांना अजिबात न जुमानणारा. थोरकिलला स्वतःला त्याचा काडीचा त्रास नव्हता. पण आत येणारी प्रत्येक नर्स अंगरखा, मास्क, हातमोजे चढवून येई.

"आंघोळ केलीस का?" त्याने पहिलीला विचारलं.

ती हसली नाही. पाचव्या दिवसापर्यंत त्याचीही थट्टा आटली होती.

त्याच्या बायकोने, बिर्ताने, ही गोष्ट फक्त एका शेजारणीला सांगितली आणि कुणाला सांगू नकोस म्हणून बजावलंही. त्यामुळे दुपारपर्यंत ती बेटभर झाली.

एप्रिलमध्ये एल्सबेतचा सत्तरावा वाढदिवस आला. आमच्याकडे समारंभाला गेलं की आधी आलेल्या प्रत्येकाशी हात मिळवत खोलीभर फिरावं लागतं. एखाद्याला वगळलं तर ते वर्षभर निघतं. थोरकिलचा हात फावड्याएवढा, आणि तो मिळवून झाला की लोक आपली बोटं मोजून घेत. तिथे जाताना गाडीत तो बिर्ताला म्हणाला, "आज कुणी हात दिला नाही ना, तर उद्यापासून मी आपला डुकरांत बसेन. ती तरी तोंड फिरवत नाहीत." म्हणाला हसतच, पण बिर्ताने गाडीचा वेग कमी केला.

दार उघडलं. आत चाळीस माणसं. नाही म्हणणं आमच्या बेटाच्या रक्तातच नाही, त्यामुळे कुणीही नाही म्हटलं नाही. फक्त एकाएकी सगळ्यांचे दोन्ही हात भरले. पाद्रीणबाईंनी बिस्किटांच्या दोन बशा उचलल्या. शाळेच्या मास्तरांनी गाण्याचे सगळे कागद छातीशी धरले. आणि आक्सेल, जो स्वतः चार हजार डुकरांत वावरतो, त्याने कॉफीची किटली दोन्ही हातांनी अशी आवळली की जणू ती पळून जाणार होती.

"हात मोकळा नाही रे," तो म्हणाला.

"दिसतंय," थोरकिल म्हणाला.

तरी तो फिरला. काठी टेकत, उजवा हात पुढे करून, एकेकाचं नाव घेत चाळीस जणांसमोरून गेला. खोलीच्या टोकाला पोचेपर्यंत तो हात खाली आला होता, आणि मला सांगायला लाज वाटते की तेव्हाही कुणी बशी खाली ठेवली नाही.

टोकाला एल्सबेत उभी होती. तिने हातातला कप खिडकीत ठेवला, त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चांगला वेळ धरून ठेवला. मग हात न सोडताच त्याला स्वयंपाकघरात नेलं. नळाचा आवाज बाहेर सगळ्यांना ऐकू आला.

"साबण लाव. बोटांच्या मध्येही. झालं, इतकंच असतं," तिने बाहेर ऐकू जाईल असं सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "साबण संपला तर दुकानात मिळतो, थोरकिल. ते औषध संपलं तर मिळणार नाही."

"मग पिल्लं मरू देऊ?"

"आजारी असेल त्याला दे."

"सातशेतून ते शोधायचं कुणी?"

"तुला डोळे आहेत ना?"

त्याने नळ बंद केला. ती दोघं बाहेर आली तेव्हा आक्सेलने किटली खाली ठेवलेली होती. त्याच्यामागे हात मिळवायला रांग लागली. केक कापायला तासभर उशीर झाला, कारण एल्सबेतकडे हात धुवायला नळ एकच.

आता थोरकिल रोज सकाळी आंघोळ करून शेडमध्ये स्टूल टाकून बसतो आणि एकेका पिल्लाकडे बघतो. मलूल दिसेल त्याच्या पाठीवर निळ्या खडूची रेघ ओढतो. दुपारी एल्सबेतचा फोन येतो.

"आज किती?"

"सात."

"सातशेत?"

"सातशेत. पण ते निर्बंध मूर्खपणाचेच आहेत."

"आहेत, आहेत," एल्सबेत म्हणते. "रविवारी ये. साबण आणलाय."