पालथं चाडं

कविता, फोन जरा कानाशी नीट धर बाई. लातूर काही परमुलखात नाही, पण तुझं येणं दर वेळी 'पुढच्या महिन्यात'. आणि फोनवर विचारतेस काय, तर "मावशी, त्या प्रदर्शनाच्या फिल्ममध्ये तू रडतेस कशामुळं?" अगं, माझं रडणं दिसलं, पण ते टिपणारा बालाजी कुठं दिसला? तो कॅमेऱ्यामागं. म्हणून आधी त्याचं ऐक.

बालाजी हिमायतनगरचा. उभा जन्म लग्नांचे व्हिडिओ काढण्यात गेला. इथं नांदेडच्या छोट्या संग्रहालयात शेतीच्या जुन्या अवजारांचं प्रदर्शन भरणार होतं, ते कसं उभं राहतं त्याची फिल्म करायला त्याला बोलावलं होतं. मला बोलावलं ते अवजारांची नावं सांगायला. पहिल्याच दिवशी बोलता बोलता मी शिंकले, पदरानं नाक पुसलं आणि म्हणाले, "हे परत घे रे बाबा." तर म्हणतो कसा, "मंगळाष्टका परत म्हणता येत न्हाईत, आक्का. झालं ते झालं."

जेवणाच्या सुट्टीतही त्याचा कॅमेरा स्टँडवर उभाच. "बंद कर की," म्हटलं तर हसायचा. "लग्नात खरं भांडण पंगतीतच होतंय. तवाच चालू पाहिजे."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मुरुडच्या एका आजोबांनी दिलेलं चाडं मांडलं. तिफणीवरची ती लाकडी वाटी गं, जिच्यातून मुठीनं बी सोडतात. मांडणीच्या मॅडमनी ते पालथं ठेवलं. घुमटासारखं छान दिसतं म्हणे! आमच्या घरी चाडं पालथं घालणं म्हणजे रानाला 'यंदा पेरत नाही' म्हणून सांगणं. मी मॅडमना दोनदा बोलले. "आजी, आता लाइट लावून झालेत," म्हणाल्या.

सगळे जेवायला गेले तशी मी दोरी ओलांडून आत शिरले. चाडं उचललं, सुलटं केलं, आणि कर्रकन आवाज झाला. काठापासून बुडापर्यंत तडा. तो मागच्या बाजूला फिरवला आणि गुमान भाकरी खायला जाऊन बसले. खोटं कशाला सांगू?

दुपारी मॅडमना तडा दिसला. सकाळी तिथली फरशी पुसली होती पारूबाईनं. मॅडम तिच्यावरच कडाडल्या, "उद्या ते आजोबा येणार आहेत, त्यांना काय तोंड दाखवू? उद्यापासून कामावर येऊ नका!"

"देवाशप्पथ मॅडम, म्या हात बी लावला न्हाई."

बालाजीचा कॅमेरा पारूबाईवर होता. तो हळूहळू वळला आणि माझ्यावर येऊन थांबला.

"आक्का, चालू हाय." एवढंच म्हणाला.

सुट्टीतही तो चालूच असतो हे तेव्हा आठवलं. मॅडम माझ्याकडं बघतही नव्हत्या. पारूबाईनं पिशवी उचलली, एक चप्पल पायात घातली. दुसरी सापडेना, डोळे भरले होते तिचे.

"थांब पारू," मी म्हटलं. "मी फोडलं ते." आणि मग रडले. तेच तू बघितलंस.

मॅडम ओशाळल्या. पारूबाईला म्हणाल्या, "चुकलं माझं." मग बालाजीला, "हे काढून टाका हो."

"मॅडम, मंगळाष्टका..." म्हणाला तो.

दुसऱ्या दिवशी आजोबा आले. मी आपणहून सांगितलं. त्यांनी तड्यावरून बोट फिरवलं. किती वेळ फिरवत होते!

"पालथं हुतं?"

"हो."

"मग सुलटं केलं ते बरं केलं. माझ्या बानं चार डाव सांधलंय ह्याला."

गर्दी पांगल्यावर मी बालाजीला धरलं. "दाखव मला, मी फोडताना कशी दिसते ते."

तो वायर गुंडाळत राहिला. "काय दाखवू, आक्का? तवा बॅटरी चार्जिंगला होती."

"मग तुला कळलं कसं रे?"

"लई वर्षं नवरीच्या आईची तोंडं बघून राहिलो. कोण काय गिळून बसलंय ते कळतंय."

गेल्या उन्हाळ्यात बालाजी गेला. त्या फिल्ममध्ये तो कुठंच नाही, फक्त 'आक्का, चालू हाय' हा तेवढा त्याचा आवाज आहे. पुन्हा लाव आणि आवाज वाढवून ऐक. मला तर फिल्म न लावताही ऐकू येतो, गप्प बसायचा मोह झाला की हटकून.

चाडं अजून तिथंच आहे, सुलटं, तडा पुढं करून ठेवलेलं. पारूबाई सकाळी दार उघडते. ये बाई लवकर, तिघी मिळून बघू.