फ्लोरिनकडे ओटीपी येत नाहीत

फ्लोरिनबद्दल वाईट बोलायला मला काही सापडत नाही, आणि माझा सगळा त्रास तिथेच आहे. एखादं माणूस डोळ्यांत खुपत असेल तर निदान त्याने उशिरा यावं, उर्मट बोलावं, कुणाचं तरी टॅक्सचं रिटर्न चुकवावं. ही बाई यातलं काहीच करत नाही. उत्तनहून रोज बस पकडून भाईंदरला येते, खारीगावातल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर जीएसटीची कामं करायला टेबल मांडून बसते आणि दुपारी डबा उघडून निवांत जेवते. जेवताना तिचा फोन पर्समध्ये असतो. हे मी स्वतः बघितलंय. घरी येऊन अंबिकाला, म्हणजे बायकोला, सांगितलं तर ती म्हणाली, तिच्या डब्यात काय होतं तेही बघितलं असेल. बघितलं होतं. सुक्या बोंबलाचं कालवण होतं.

मी शशिकांत. गोडदेवला एका बेकरीच्या वर माझी खोली आहे आणि दारावर ‘टॅक्स कन्सल्टंट’ अशी पाटी. सीए नाही, बी.कॉम. आहे. सेल्स टॅक्स, मग व्हॅट, मग जीएसटी, सगळं याच खोलीत बसून केलं. माझे क्लायंट म्हणजे स्टीलची भांडी करणारे गाळे, फरसाणवाले, हार्डवेअरची दुकानं. मोठ्या सीएच्या एसी केबिनमध्ये त्यांना बसायला संकोच वाटतो. माझ्याकडे ते चपला काढून, मांडी घालून बसतात आणि खालून खारी मागवतात.

जीएसटी आला तेव्हा या सगळ्यांची नोंदणी मीच केली. नोंदणीत मोबाईल नंबर विचारतात. तो मालकाचा टाकायचा असतो. मी माझा टाकला. मी एकट्यानेच नाही, आमच्या धंद्यात पुष्कळांनी हेच केलं. कारण साधं आहे. मालकाच्या फोनवर ओटीपी गेला की तो जाहिरात समजून पुसून टाकतो, नाहीतर फोन पोराच्या हातात असतो, नाहीतर तो गावी गेलेला असतो. माझ्या फोनवर आला तर काम होतं. त्यामुळे झालं असं, की गोडदेव ते काशीगाव, एवढ्या पट्ट्यातल्या कितीतरी दुकानांच्या सरकारी चाव्या माझ्या खिशात आल्या.

आधी हे महिन्यातून एकदोनदा असायचं. मग नियम आला की पोर्टलवर नुसतं आत शिरायचं तरी ओटीपी हवा. आता भांड्याच्या गाळ्यावरून टेम्पो भरून परराज्यात निघायचा, तर आधी ऑनलाइन ई-वे बिल काढावं लागतं. ते काढायला मालक लॉगिन करणार, ओटीपी येणार माझ्याकडे, आणि तो मला फोन करणार. आरतीच्या वेळी फोन, जेवताना फोन, दाढी करताना फोन. “शशीभाई, ओटीपी आव्यो?” “भाईसाब, नंबर आया क्या?” मी वैतागायचो. अंबिकासमोर कपाळाला हात लावायचो. पण खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. लग्नात पंगतीला बसलेलं असताना तीन वेळा उठावं लागलं की आजूबाजूचे विचारायचे, हे गृहस्थ कोण. फार काय, एखाद्या दिवशी फोन कमी वाजला तर मी नेटवर्क तपासून बघायचो.

आणि मग ही आली.

तिने शनिवारी क्लास सुरू केला. छोट्या व्यापाऱ्यांसाठी, फुकट नाही पण स्वस्त. मोबाईलवर बिल कसं काढायचं, पोर्टलवर आपल्या नावाने काय चाललंय ते कसं बघायचं, नोटीस आली तर कुठे दिसते. माझा हार्डवेअरवाला जाऊन आला आणि मला येऊन सांगायला लागला की मॅडम फार छान समजावतात. मॅडम. मी त्याचं काम करायला लागलो तेव्हा या मॅडम उत्तनच्या शाळेत पाढे म्हणत असतील. आठवडाभरात त्याने आपला नंबर बदलून घेतला. मग फरसाणवाल्याने. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

एका शनिवारी मी जाऊन बसलो, मागच्या रांगेत. चूक पकडायला गेलो होतो, उगाच सभ्यपणाचा आव आणत नाही. हॉलमध्ये मारवाडी, गुजराती, उत्तर भारतीय, आपले लोक, सगळी खिचडी. फ्लोरिन तिशीची असेल. केस वर बांधलेले, पायात साध्या चपला. तिने हिंदीत पहिलाच प्रश्न विचारला, “आपके जीएसटी में मोबाईल नंबर किसका है?” अर्धा हॉल एकमेकांकडे बघायला लागला. कुणी म्हणालं अकाउंटंटचा, कुणी म्हणालं माहीत नाही. ती हसली नाही, कुणाला मूर्खात काढलं नाही. म्हणाली, आज बाकी काही शिकायचं नाही, आज एवढंच बघायचं.

मी चूक शोधत राहिलो. चूक मिळाली नाही. उलट तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. तिने मला पुढे बोलावलं आणि सगळ्यांना सांगितलं की हे शशिकांत अंकल, या भागातले जुने जाणते, अवघड प्रश्न असला तर यांना विचारा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला शिव्या घालायची सोयही तिने ठेवली नाही. आणि वर अंकल.

क्लास संपल्यावर तिने चहा पाजला. तेव्हा कळलं की तिचे वडील बोटीवर होते आणि भाऊ एडविनचं उत्तनला बोटींच्या इंजिनाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. त्याचं जीएसटी एक अकाउंटंट बघायचा. नंबर त्याचा, ईमेलही त्याचाच. तो माणूस आखातात निघून गेला आणि इकडचं सिमकार्ड बंद पडलं. रिटर्न भरली जात नव्हती, नोटिसा बंद नंबरवर जात होत्या, आणि एडविन दुकानात बसून समजत होता की सगळं व्यवस्थित चाललंय. नोंदणी रद्द झाल्याचं त्याला एका गिऱ्हाईकाकडून कळलं. दुकान मोडलं. तेव्हा फ्लोरिन मासळीच्या निर्यातीच्या ऑफिसात नोकरीला होती. भावाचं निस्तरता निस्तरता तिला हे काम आलं, आणि मग नोकरी सोडून तिने हेच धरलं.

“तो मानूस वाईट न्हवता अंकल,” ती म्हणाली. “आमच्याकडे जेवायचा. चांगलाच हाय तो, आजून मेसेज करतो. पन नंबर त्याचा होता ना.”

मी चहा संपवला. तिच्या बोलण्यात टोमणा होता का, हे मी घरापर्यंत चालत येताना शोधत होतो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

बाकीचे गेले तरी मी सोसलं असतं. पण उत्तम जाऊ नये, एवढं मला वाटत होतं. उत्तम माझा पहिला क्लायंट. खारीगावात त्याचा भांड्यांचा गाळा आहे, डबे आणि पातेली करतो. मी खोली घेतली तेव्हा पाटी लावायला खिळे त्यानेच आणून दिले होते. त्याचं पहिलं रिटर्न मी भरलं, त्याच्या कर्जाची कागदपत्रं मी केली. बाकी सगळे मला भाई म्हणतात, सर म्हणतात. उत्तम एकटा शशी म्हणतो. त्याच्याकडून दिवसातून चारपाच फोन यायचे. माझ्या डोक्यात मी त्याला क्लायंट धरतच नव्हतो. विचारलं असतं तर मित्र म्हणालो असतो.

त्याची बायको शेवंती क्लासला जायला लागली. मी उत्तमला म्हटलं, वहिनींना कशाला त्रास, मी आहे ना. तो म्हणाला, तिला हौस आहे, जाऊ दे. पण पुढच्या आठवड्यात गाळ्यावर गेलो तर शेवंती फ्लोरिनला फोनवर सांगत होती की मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत, मॅडम, काय साडी नेसवू. मला कुणी साडी विचारायला नको होती. पण पाहुणे येणार आहेत, हे मला असं कानावर पडून कळलं. घरी येऊन अंबिकाशी विनाकारण भांडलो.

मग माझ्या दाढेने घात केला. रूट कॅनल. डॉक्टरांच्या खुर्चीत आडवा, तोंडात नळ्या, आणि फोन बाहेर अंबिकाकडे. उत्तमचा टेम्पो भरून उभा होता. काशीमिऱ्याला हायवेवर ट्रान्सपोर्टची गाडी थांबलेली, तिच्यात माल चढवून इंदूरला पाठवायचा. उत्तमने लॉगिन केलं, ओटीपी माझ्या फोनवर आला. अंबिकाला माझ्या फोनचं लॉक उघडता येत नाही. का येत नाही, तर मी तिला कधी सांगितलेलंच नाही. उत्तम परत परत फोन करत राहिला आणि ती परत परत सांगत राहिली की भाऊजी, ते खुर्चीत आहेत. ओटीपीची मुदत संपायची, नवा यायचा, त्याचीही संपायची. मी बाहेर आलो तोपर्यंत ट्रान्सपोर्टची गाडी निघून गेली होती. इंदूरच्या व्यापाऱ्याने दुसरीकडून भांडी उचलली.

मला वाटलं, उत्तम येऊन शिव्या घालेल. मी तयारीत होतो. सुजलेल्या गालाने खोलीवर बसून उत्तरं जुळवत होतो. तो आला, खाली बसला, दाढ कशी आहे विचारलं. मग म्हणाला, “शशी, नंबर बदलून घेतो. शेवंतीचा टाकतो. तुलाही त्रास कमी.” रागावला असता तर मी समजूत काढली असती. समजूत घालण्यात मी कधी हरलेलो नाही.

हे काम त्याने माझ्याकडून करून घ्यायला हरकत नव्हती. पण तो फ्लोरिनकडे गेला. आणि गंमत अशी, की नंबर बदलायच्या अर्जावर शेवटचं शिक्कामोर्तब करायला ओटीपी लागतो, तो जुन्या नंबरवर येतो. उत्तमचा फोन आला. “शशी, आला का?”

आला होता. स्क्रीनवर सहा आकडे दिसत होते. मी म्हटलं, बघतो. आणि बघतच बसलो. दोन मिनिटं नेटवर्कचं नाव सांगितलं असतं तर मुदत संपली असती. उद्याही तेच करता आलं असतं. तिच्या खुर्चीसमोर उत्तम आणि शेवंती बसलेत, टेबलावर चहा आहे, आणि तिघं माझी वाट बघतायत, हे मला लख्ख दिसत होतं. त्या खोलीत मला कुणी बोलावलं नव्हतं, फक्त माझा फोन हवा होता. इतका जळफळाट मला आयुष्यात कधी झाला नसेल.

मग फोनवर फ्लोरिनचा आवाज आला. “अंकल, घाई न्हाय. आज न्हाय तर उद्या करू. तुमची दाढ बरी होऊ दे.”

तिला सगळं कळलं होतं. मी आकडे वाचून दाखवले, एकेक करून, आणि तिने ते टाकले. उत्तम थँक्यू म्हणाला. मला तो आजवर कधी थँक्यू म्हणाला नव्हता.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. येण्याचं कारणच नव्हतं. शेवंती टेम्पोजवळ उभी राहून स्वतःच्या मोबाईलवर बिल काढते, असं बेकरीवाला सांगत होता. पुढच्या महिन्यात एका संध्याकाळी अंबिका मोबाईल घेऊन आली. शेवंतीच्या स्टेटसला मुलीच्या साखरपुड्याचे फोटो होते. हॉलमध्ये चारचौघांत फ्लोरिन, अंगावर जरीची साडी, बाजूला एडविन. उत्तम तिच्या पानात स्वतः जिलेबी वाढत होता. आम्हाला बोलावणं नव्हतं. अंबिका म्हणाली, विसरले असतील गडबडीत. मलाही तसंच वाटतं. मुद्दाम टाळलं असतं तर मी निदान त्यांच्या मनात तरी असतो.

तिचे क्लायंट तिला ओटीपीसाठी फोन करत नाहीत. मग साडीसाठी करतात, पाहुण्यांसाठी करतात. हे मला त्या जिलेबीकडे बघताना कळलं आणि फार झोंबलं.

म्हटलं, आपण अभिनंदन तरी करावं. व्हॉट्सॲपवर उत्तमचं नाव काढलं. वर सरकवत गेलो. ‘आला का’, सहा आकडे. ‘पाठव’, सहा आकडे. दिवाळीच्या दिवशी सहा आकडे, माझी आई गेली त्या आठवड्यातही सहा आकडे. त्याने काही विचारलं नव्हतं, आणि मीही त्याला कधी काही विचारलं नव्हतं. कितीही वर गेलो तरी आकडेच येत राहिले.

टाईप करायचं सोडून मी फोनच लावला. उत्तमने लगेच उचलला.

“बोल शशी. कुठला ओटीपी आलाय का?”

“नाही रे,” मी म्हटलं. “सहज केला.”

मागे कुणीतरी हसत होतं, भांडी वाजत होती. काम काय ते मी सांगेन म्हणून तो थांबला होता.