पुन्हा बुडवलेली ओळ

आमचे काका पंचवीस वर्षं द्राक्षाचे घड मणी फुगवायच्या औषधात बुडवतात. बुडवलेला घड ओळखू यावा म्हणून औषधात लाल रंग मिसळलेला असतो. काकांना हल्ली तो रंग दिसत नाही, पण कबूल करतील तर ते काका कसले! काल जेवणानंतर त्यांनी सकाळचीच ओळ पुन्हा बुडवली.

“अहो, ही झाली होती!” काकू ओरडली.

“मग दुप्पट फुगतील.”

कुणी हसलं नाही. औषध जास्त झालं की देठ कडक होऊन मणी गळतात.

बागेच्या मालकाने येऊन विचारलं, “कुणी केलं हे?”

“मी,” काकू म्हणाली.

काकांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. “तिने नाही. मलाच रंग दिसत नाही, मालक.”

आज काकू एकटीच बागेत गेली.